झाकली मूठ उघडूया



श्री सिद्धेश्वरांच्या या नगरीत परिषदेच्या स्वागत समितीच्या वतीने मी आपलं मनापासून स्वागत करते. कामाच्या ठिकाणचं गैरवर्तन, त्याची चौकशी आणि संस्थेची अब्रू, हा विषय सोलापुरात मांडला जातोय याचा मला विशेष आनंद आहे. आमच्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, आणि नावाची किंमत या गावाला चांगली ठाऊक आहे. चादर मागावरून उतरली की घडी घालण्याआधी ती पसरून पाहतात. कुठे धागा तुटला असेल तर तो तिथेच दिसतो. दोष घडीत दडवून माल पाठवला तर तो गिऱ्हाईकाच्या घरी उघडा पडतो. गिऱ्हाईक विणकराचं नाव विचारत नाही, ‘सोलापुरी चादर अशी निघाली’ म्हणतं.

काही वर्षांपूर्वी एका संस्थेच्या चौकशी समितीवर मी बाहेरची सदस्य होते. पहिली बैठक साहेबांच्या केबिनला लागून असलेल्या खोलीत ठेवली होती, मधे नुसती काच. तक्रारदार ताई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या आणि प्रत्येक प्रश्नाला ‘काही नाही मॅडम’ एवढंच म्हणाल्या. बाहेर आल्यावर एका पदाधिकाऱ्यांनी मला हळूच सांगितलं, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची. संस्थेचं नाव आहे.’ दुसरी बैठक आम्ही तळमजल्यावरच्या वाचनालयात घेतली, दार लावून. त्या दिवशी त्या दीड तास बोलल्या. मग समोरच्या गृहस्थांनाही तेवढाच वेळ दिला, त्यांचे हजेरीपट पाहिले, साक्षीदार ऐकले. पुढे काय ठरलं ते गोपनीय आहे आणि गोपनीयच राहील. पण खोली बदलली नसती तर त्या ‘काही नाही’वरच आम्ही सह्या केल्या असत्या.

1997 साली सर्वोच्च न्यायालयाने कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्ध विशाखा मार्गदर्शक तत्त्वं दिली. ती कागदावरच राहतात हे पाहून ‘आलोचना’ संस्थेच्या डॉ. मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयाला पत्र लिहिलं. त्या पत्राचीच याचिका झाली, 2012 मध्ये निकाल लागला, आणि 2013 मध्ये कायदा आला. एका पत्राच्या मागे किती वर्षांची चिकाटी उभी आहे!

पण समिती नेमली म्हणजे न्याय झाला, असं नाही. गोवा विद्यापीठात 2009 साली विद्यार्थिनींच्या तक्रारींवरून एका प्राध्यापकांची चौकशी झाली आणि त्यांना सेवेतून काढलं गेलं. मे 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला, कारण समितीने इतकी घाई केली की त्यांना बाजू मांडायची पुरेशी संधीच मिळाली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे आलं, चौदा वर्षांनी. इतक्या वर्षांत ना त्या मुलींना उत्तर मिळालं, ना त्या प्राध्यापकांना. कायद्याने चौकशीला 90 दिवस दिले आहेत. ते दोन्ही बाजू नीट ऐकण्यासाठी आहेत. तक्रार दाबणं जितकं घातक, तितकंच ती उरकून टाकणंही.

दहा किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे. त्याहून लहान ठिकाणांसाठी, आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तेव्हा, जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. आमच्या शहरात घरी विड्या वळून कारखान्यात मोजून देणाऱ्या हजारो बाया आहेत. विड्या तपासून बाद करणाऱ्याच्या हातात त्यांची दिवसाची मजुरी असते. त्यानेच त्रास दिला तर कुठे जायचं, हे त्यांना कोण सांगणार? या परिषदेने त्यांच्यापर्यंत पोचायची वाट दाखवावी, ही यजमान म्हणून माझी विनंती आहे.

आपल्या मुक्कामाची, जेवणाची सोय आमच्या कार्यकर्त्यांनी आपुलकीने केली आहे. ज्वारीची कडक भाकरी आणि शेंगाचटणी ताटात असेलच. काही उणं राहिलं तर हक्काने सांगा. तक्रार ऐकून घ्यायची सुरुवात आमच्यापासूनच होऊ द्या.