प्रोसेसरची गति आणि नवशिक्याचा विवेक

घरांतील मेजावरच्या संगणकांत प्रोसेसर नांवाची जी सिलिकॉनची लहानशी चकती असते, तिचें सर्व काम विजेच्या एका ठोक्यावर चालतें. कवायतीच्या तुकडीला जसा ढोलाचा ठेका, तसा प्रोसेसरला हा ठोका. दर ठोक्यासरशीं आंतील कोट्यवधि सूक्ष्म खटके एक पाऊल पुढें टाकतात. आजच्या यंत्रांत मूळ ठोका बहुधा सेकंदाला १० कोटि, म्हणजे १०० मेगाहर्ट्झ असतो. त्याला एका गुणकानें गुणिलें म्हणजे प्रोसेसरची गति निघते. गुणक ३६ असला तर गति ३,६०० मेगाहर्ट्झ, म्हणजेच ३.६ गिगाहर्ट्झ होते. ही गति कारखान्यानें नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे नेणें, यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. पैसा न खर्चतां अधिक चपळ यंत्र मिळेल या आशेनें पुष्कळ तरुण विद्यार्थी या उद्योगाकडे ओढले जातात.

गति वाढविण्यास मुळांत वाव राहतो कसा, हें प्रथम पाहिलें पाहिजे. एकाच कारखान्यांतून निघालेल्या चकत्या गुणांनीं अगदीं सारख्या नसतात. प्रत्येकीची परीक्षा होते आणि जी गति ती खात्रीनें पेलील ती तिच्यावर नमूद होते. ती ठरवितांना तापलेली खोली, धुळीनें भरलेला पंखा, किंचित् कमीअधिक होणारा विद्युत्पुरवठा आणि वर्षानुवर्षांच्या वापरानें येणारें वार्धक्य, या सर्वांसाठीं कांहीं अंतर राखून ठेवलेलें असतें. ओव्हरक्लॉकिंग करणारा मनुष्य या शिलकेंतून उचल करतो. ही शिल्लक बेवारशी पडलेली नसून वाईट दिवसांसाठीं ठेवलेली असते, एवढें नवशिक्यानें आरंभींच ध्यानांत घ्यावें.

या उद्योगाची कीर्ति १९९८ सालीं इंटेल कंपनीच्या सेलेरॉन ३०० ए या स्वस्त प्रोसेसरनें दूरवर पसरविली. त्याचा गुणक ४.५ असा बांधून टाकलेला होता आणि मूळ ठोका सुमारें ६६.७ मेगाहर्ट्झ होता. म्हणून गति ३०० मेगाहर्ट्झ. परंतु मदरबोर्डावर मूळ ठोका १०० केला कीं तोच प्रोसेसर ४५० मेगाहर्ट्झवर चालूं लागे, आणि पुष्कळांचा तो नीट चाले. त्याच वर्षीं त्याच कंपनीच्या महागड्या पेंटियम २ ची गति तेवढीच होती. तो काळ आतां मागें पडला. २००८ सालापासून इंटेलच्या प्रोसेसरांत टर्बो बूस्टची योजना आली. यंत्र पुरेसें थंड असेल व भार बेताचा असेल, तर प्रोसेसर आपली गति आपणच वाढवितो. एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांतही अशी सोय आहे. शिलकेचा मोठा वांटा अशा रीतीनें कारखानाच वापरतो. त्यामुळें दीडपट गतीच्या अपेक्षेनें आज जो हात घालील, त्याच्या पदरीं निराशा येईल.

लाभ थोडा झाला तरी खर्च थोडा होत नाहीं. प्रोसेसर काम करीत असतां त्याला लागणारी वीज गतीच्या प्रमाणांत वाढते, परंतु व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. समजा, गति दहा टक्क्यांनीं वाढविली आणि ती पेलावी म्हणून व्होल्टेजही दहा टक्क्यांनीं वाढविलें. १.१ ला १.१ नें दोनदां गुणिलें म्हणजे १.३३१ येतात. काम फार तर दहा टक्के अधिक झालें, उष्णता मात्र तेहतीस टक्के वाढली.

वाढीव व्होल्टेज आयुष्यही खातें. इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढींतील कांहीं प्रोसेसर, मालकानें कोणतीही लुडबूड केली नसतां, अस्थिर होऊं लागले. प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेज मागून घेत होता, असें कारण कंपनीनें २०२४ सालीं सांगितलें. सुधारलेली आज्ञावली दिली आणि हमीची मुदत दोन वर्षांनीं वाढविली. झालेली झीज मात्र त्या आज्ञावलीनें भरून निघत नाहीं.

हें सर्व जाणून ज्याला प्रयोग करावयाचा आहे, त्यानें आधीं आपला प्रोसेसर मोकळ्या गुणकाचा आहे कीं नाहीं तें पाहावें. इंटेलच्या मेजावरच्या प्रोसेसरांत नांवाच्या शेवटीं ‘के’ हें अक्षर असलें म्हणजे गुणक मोकळा असतो. मात्र मदरबोर्ड झेड मालिकेचा लागतो. एएमडीच्या २०१७ पासूनच्या रायझेन मालिकेंतील बहुतेक प्रोसेसर मोकळे आहेत. तेथेंही मदरबोर्ड सोयीचा हवा. हमीपत्र वाचावें, कारण अशा प्रयोगानें झालेली हानि सामान्यतः हमींत बसत नाहीं. महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती डिस्क यंत्रापासून वेगळी ठेवावी. पंख्यावरची धूळ झाडावी. नंतर स्वस्थ असतां व पूर्ण भार असतां प्रोसेसर किती तापतो आणि किती व्होल्टेज घेतो, हे आंकडे वहींत टिपून ठेवावे.

मग संगणक सुरू होतांना उघडणाऱ्या बायॉसमध्यें गुणक फक्त एकानें वाढवावा. व्होल्टेज वाढवूं नये. येथें एक खोडा आहे. व्होल्टेजची बाब ‘ऑटो’वर ठेवली तर पुष्कळ मदरबोर्ड गतीबरोबर तेंही आपण होऊन चढवितात, म्हणून दर पायरीला तो आंकडा वहीशीं ताडून पाहावा. तापमानाची कमाल मर्यादा बहुधा ९५ ते १०० अंश सेल्सिअस असते. तेथें पोंचलेला प्रोसेसर स्वतःच्या रक्षणासाठीं गति कमी करतो व केलेला खटाटोप फुकट जातो. तेव्हां दहापंधरा अंश अलीकडेच थांबावें. यंत्र सुरूच होईना, तर घाबरण्याचें कारण नाहीं. वीज तोडून, मदरबोर्डाच्या पुस्तिकेंत दाखविलेल्या रीतीनें बायॉस मूळपदावर आणतां येतें.

खरें भय निराळेंच आहे. गति न पेलणारा प्रोसेसर प्रत्येक वेळीं बंद पडतोच असें नाहीं. तो कधीं कधीं चुकीचें उत्तर देतो, आणि बरोबर उत्तराइतक्याच निःशंकपणें देतो. जतन केलेल्या छायाचित्रांत एखादा अंक बदलतो, हिशेबाची फाईल बिघडते, आणि तीच बिघडलेली फाईल पुढील प्रतींत उतरते. कित्येक महिने कोणालाही पत्ता लागत नाहीं. यासाठीं परीक्षेची आज्ञावली वापरतात. १९९६ सालीं जॉर्ज वोल्टमन यांनीं मर्सेन मूळ संख्यांच्या शोधाचा उपक्रम सुरू केला. त्यांतील प्राइम९५ या आज्ञावलीचीं गणितें फार दीर्घ असतात आणि मध्यें एक चूक झाली तरी सर्व श्रम वायां जातात. म्हणून तिच्यांत यंत्राच्या कसोटीचीही सोय आहे. ज्यांचीं उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं गणितें ती प्रोसेसरकडून करून घेते व उत्तरें ताडून पाहते. दर पायरीला ही कसोटी घ्यावी आणि शेवटच्या पायरीला ती कित्येक तास चालूं द्यावी. एकही चूक निघाली तर व्होल्टेज वाढवून पुढें रेटूं नये; एक पाऊल मागें यावें.

शिवाय ऋतूचा विचार हवा. पंखा प्रोसेसरला खोलींतील हवेपेक्षां थंड करूं शकत नाहीं. विदर्भांत मे महिन्यांत बाहेरचें तापमान ४५ अंशांपर्यंत जातें. खोली २० अंशांवरून ३८ वर गेली कीं प्रोसेसरचें तापमानही जवळजवळ तितकेंच चढतें. पौषांत उत्तीर्ण झालेली गति वैशाखांत टिकेलच असें नाहीं. म्हणून यश आल्यावरही गुणक एकदोन अंकांनीं उतरवून तेथें मुक्काम करावा.

ज्या घरांत एकच संगणक आहे आणि त्यावरच वडिलांचे हिशेब व मुलीचा प्रबंध आहे, तेथें हा प्रयोग करूं नये. जुनें, दुय्यम यंत्र हाताशीं असेल तर अवश्य करावा. एक एक पायरी चढत, वहींत आंकडे मांडीत, चूक निघतांच मागें येणाऱ्या विद्यार्थ्याला गति फारशी लाभली नाहीं तरी यंत्राचें अंतरंग कळतें; आणि मोजल्यावांचून विश्वास ठेवूं नये, ही संवय त्याला पुढें इतर कामांतही उपयोगी पडते.