पेटंटांचे खुले दप्तर
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक पूर्ववक्त्यांनी समर्पक शब्दांत केलेच आहे. त्याची पुनरुक्ती न करता एका उपयुक्त विषयाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

आपली ज्ञाती भात्यावर आणि ऐरणीवर पोसलेली. माझे आजोबा विळ्याला असे पाणी देत की, त्याची धार महिनोन्महिने टिके. ते गुपित त्यांनी कोणासही सांगितले नाही. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ती विद्याही गेली.

पेटंटाची रीत नेमकी याच्या उलट आहे. त्या शब्दाच्या मूळ लॅटिन धातूचा अर्थच 'उघडे असणे' असा आहे. संशोधकाने आपली युक्ती जाणकाराला करता येईल इतकी स्पष्ट लिहून द्यावयाची. मोबदल्यात राज्यसंस्था त्याला अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे अनन्य हक्क देते. मुदत सरली की ती युक्ती सर्वांची होते.

माझ्या पुतण्याने तीन वर्षे खपून, उपटलेल्या भुईमुगाच्या वेलांवरून शेंगा तोडणारे यंत्र बनविले. एका सल्लागाराने शुल्क घेऊन अर्ज लिहिला. पण असे यंत्र पूर्वी कोणी केले आहे काय, हे पाहिलेच नाही. एका संध्याकाळी माझ्या नातीने 'गूगल पेटंट्स'वर चार इंग्रजी शब्द घातले आणि अमेरिकेतील एका जुन्या पेटंटाचे चित्र समोर आले. तोच दातेरी ढोल! पुतण्या दोन दिवस जेवला नाही.

परंतु बंधूंनो, त्याच कागदाने त्याला वाटही दाखविली. त्या पेटंटाची मुदत केव्हाच संपली होती. म्हणजे तो ढोल वापरण्यास त्या पेटंटाची आडकाठी नव्हती. ओल्या वेलांनी ढोल गुदमरू नये म्हणून त्याने बसविलेली हलती चाळणी मात्र त्या जुन्या कागदांत नव्हती. आता तो तेवढ्याचाच तपास करीत आहे.

हा तपास घरबसल्या आणि विनामूल्य होतो. 'गूगल पेटंट्स', युरोपीय पेटंट कार्यालयाचे 'एस्पासनेट', जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचे 'पेटंटस्कोप' आणि आपल्या भारतीय पेटंट कार्यालयाचे शोधपृष्ठ ही चार दालने लक्षात ठेवावीत. एकाच शब्दावर थांबू नये. ढोलाला कोणी 'ड्रम' म्हणतो, कोणी 'सिलिंडर'. एक जुळते पेटंट सापडले की त्यावरील वर्गीकरणाचा संकेत टिपून घ्यावा. 'ए०१डी' म्हणजे कापणी, 'ए०१एफ' म्हणजे मळणी. त्या संकेताने भावंडे सापडतात. आधी आकृती पाहावी, मग शेवटची दाव्यांची कलमे वाचावीत. हक्काची शीव तेथेच आखलेली असते. पेटंटाचा हक्क ज्या देशाने दिला तेथेच चालतो; नावीन्य मात्र साऱ्या जगात पाहिले जाते. आणखी एक सावधगिरी: नवा अर्ज सामान्यतः १८ महिने प्रसिद्ध होत नाही. म्हणून काही सापडले नाही, एवढ्यावरून काही नाहीच असे समजू नये.

लिहून ठेवलेल्या शब्दाचे सामर्थ्य हळदीने जगाला दाखविले. जखमेवर हळद लावावी हे आपल्या प्रत्येक आजीला ठाऊक. तरी १९९५ साली त्याच उपयोगासाठी अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले, जुने लेखी पुरावे पुढे मांडले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तेथे आजीबाईची आठवण पुरली नसती. कागद कामी आला.

तरुणांना माझे एवढेच सांगणे की, हातोडा उचलण्यापूर्वी हे दप्तर चाळा. नवे काही साधले तर अर्ज करण्यापूर्वी त्याचा गवगवा करू नका. मात्र ते लिहून ठेवल्यावाचूनही राहू नका. आजोबांच्या विळ्याची धार मी गमावली. तुमच्या नातवंडांवर तशी पाळी येऊ नये, ही प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.