सर्व्हर जागा होईना तेव्हां

आमच्या पेठेंतील वाचनालयाच्या मागल्या खोलींत एक सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे स्वतः पडद्यामागें राहून इतर संगणकांस माहिती पुरविणारा संगणक. सभासदांचीं नांवें, पुस्तकांची यादी, देवघेवीच्या नोंदी, सारें कांहीं त्याच्या पोटांत. गेल्या पावसाळ्यांत एकदां रात्रभर वीज गेली. सकाळीं कळ दाबली तों पंखे फिरूं लागले, परंतु काळ्या पडद्यावर एकच ओळ उमटली. तिचा अर्थ असा कीं, ज्यावरून सुरू व्हावें असें साधनच सांपडत नाहीं. दुरुस्तीस आलेल्या तरुणानें पांच मिनिटांत निदान केलें, "गुरुजी, सिस्टिम उडाली. डिस्क फॉरमॅट करून सगळें नव्यानें घालावें लागेल." फॉरमॅट करणें म्हणजे पाटी पुसणें. नोंदींची वेगळी काढून ठेवलेली प्रत दोन महिन्यांपूर्वींची होती! मीं त्यास म्हटलें, "बाबा रे, एक दिवस थांब."

यंत्र जागें कसें होतें हें आधीं पाहूं. शाळेचा शिपाई पहाटे येतो तेव्हां त्याच्या खिशांत एक चिठ्ठी असते, अशी कल्पना करा. अमुक खोली प्रथम उघड, तेथें कोणी नसेल तर तमुक. संगणकाच्या मदरबोर्डावरील एका चिपमध्यें असाच एक शिपाई कायमचा वस्तीस असतो. त्यास फर्मवेअर म्हणतात. जुन्या वळणाचा शिपाई म्हणजे बायोस. १९८१ सालीं आलेल्या आयबीएम पीसीमध्यें तोच होता. नव्या वळणाचा तो यूईएफआय. बायोस डिस्कवरचे पहिले ५१२ बाइट वाचतो व तेथें लिहिलेलें मुकाट्यानें चालवितो. यूईएफआय डिस्कच्या एका ठराविक विभागांत जाऊन नांवानिशीं फाईल शोधतो. त्यामुळें एकाच्या रीतीनें मांडलेली डिस्क दुसऱ्यास बहुधा उघडतां येत नाहीं. डिस्क धडधाकट, आंतील अक्षर न् अक्षर शाबूत, आणि तरीही दार बंद! या जागें होण्यास बूट म्हणतात. आपल्याच बुटाच्या पट्ट्या धरून स्वतःस वर उचलावें, या इंग्रजी थट्टेंतून तो शब्द आला. भाषेच्या मास्तरास हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं, असो.

यंत्र चालू करतांच ठराविक कळ दाबली कीं शिपायाची चिठ्ठी वाचतां येते. कोठें ती एफ-२ असते, कोठें डिलीट. पडद्यावर क्षणभर लिहून येतें, तेवढ्यांत टिपावें लागतें. आंत गेल्यावर मीं प्रथम घड्याळ पाहिलें. तारीख कित्येक वर्षें मागें गेलेली! येथेंच निम्मा उलगडा झाला. मदरबोर्डावर रुपयासारखी एक चपटी बॅटरी असते. तिचें नांव सीआर २०३२. व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२, हें त्या नांवांतच आलें. वीज नसतांना घड्याळ हीच चालविते, आणि आमच्या यंत्रासारख्या जुन्या यंत्रांत सेटिंग्जची आठवणही हीच राखते. ती संपली होती. रात्रीं वीज गेली तशी चिठ्ठी हरवली, आणि शिपायानें कारखान्यानें दिलेली मूळ चिठ्ठी हातीं घेतली. तींत पेनड्राइव्ह पहिला, नेटवर्क दुसरें, डिस्क शेवटीं. आणि पद्धत लेगसी, म्हणजे जुन्या बायोसची. आमची डिस्क मात्र यूईएफआयच्या रीतीनें मांडलेली.

डिस्कचें नांव व आकार यादींत दिसत होता, हा मोठा दिलासा. तें नांवच नसतें तर क्रम बदलून कांहीं साधलें नसतें; केबल किंवा डिस्क तपासावी लागली असती.

येथें मीं एक चूक केली. उत्साहाच्या भरांत तीन-चार सेटिंग्ज एकदम बदललीं. यंत्र सुरू झालें नाहीं तें नाहींच, आणि मूळ काय होतें तेंही आठवेना. नशीब, हा बदल मीं अद्याप कायम केला नव्हता असें नव्हे, केला होता. परंतु त्या तरुणानें पहिल्या पडद्याचें छायाचित्र मोबाईलवर काढून ठेवलें होतें. त्याबरहुकूम सर्व पूर्ववत् केलें. मग एकच बदल, पद्धत लेगसीची यूईएफआय. बदल राखून बाहेर पडलों, पुन्हां आंत आलों, तों यादींत सिस्टिमचें नांव हजर! तें उचलून पहिल्या जागीं ठेवलें. पेनड्राइव्ह व नेटवर्क यादींतून काढलेंच, कारण तीं वर असलीं तर येणारा-जाणारा आपला पेनड्राइव्ह खुपसून यंत्र आपल्या मर्जीनें चालवूं शकतो. सेटिंग्जना परवलीचा शब्दही लावला.

यंत्र सुरू झालें. तरुण निघूं लागला, पण मीं त्यास बॅटरी बदलावयास लावली. नुसतें रीस्टार्ट करून हा दोष कळत नाहीं, कारण तेवढ्या वेळांत वीज तुटत नाहीं. म्हणून त्या रात्रीं आम्हीं प्लगच काढून ठेवला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आठ वाजतां दोघेही दाराशीं हजर होतों. प्लग लावला, कळ दाबली. घड्याळ बरोबर होतें, आणि दोन मिनिटांत देवघेवीचा पडदा उघडला. त्या यादीची प्रत आतां कपाटाच्या दारास आंतून चिकटविली आहे. बॅटरी बदलल्याची तारीख तिच्याखालीं त्या तरुणानें आपल्या हातानें लिहिली आहे.