उसण, ग्रह आणि गिधाड



सकाळपासून बघतोय, बाकावरून उठताना कंबरेला हात न लावणारा आपल्या बॅचमध्ये क्वचितच कुणी उरलाय. म्हणून हाडांचा डॉक्टर या नात्याने आज कंबरेवरच बोलतो. पण औषधांवर नाही, शब्दांवर.

आपल्याकडे कंबर दुखते, धरते, लचकते आणि पाठीत उसण भरते. या वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मोंढ्यात पोतं उचलताना किंवा पाण्याचा हंडा कडेवर घेताना एकदम कळ येते, श्वास घेतला तरी चमक निघते, ती उसण. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की ती जाते, असा समज आहे. खरं तर बहुतेक वेळा ती काही दिवसांत आपोआप उतरते. श्रेय पायाळूला मिळतं!

आता 'कंबर धरली' घ्या. आपल्याकडून 'ग्रह्' धातू पाठ करून घेणाऱ्या बाई समोरच बसल्या आहेत. ग्रह् म्हणजे पकडणे. चरकसंहितेत वाताचे 80 विकार सांगितलेत, त्यांत पृष्ठग्रह आणि त्रिकग्रह आहेत. म्हणजे पाठ धरणे आणि माकडहाडाच्या वरचा भाग धरणे. वैद्य संस्कृतात म्हणत, तेच आपली आजी मराठीत म्हणायची. गंमत अशी, की 'कंबर' हा शब्द मात्र फारसी 'कमर'वरून आला.

त्याच यादीत गृध्रसी आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी गिधाडासारखा वाकून, पाय ओढत चालतो म्हणून हे नाव, असं सांगतात. हे दुखणं कुल्ल्यापासून मांडी, गुडघा, पोटरी असं करत पावलापर्यंत उतरतं, हा क्रम चरकाने दिलाय. पाय उचलता येत नाही, हे सुश्रुताने नोंदवलं. आजही आम्ही रोग्याला उताणं झोपवून पाय सरळ वर उचलूनच तपासतो. सरकलेल्या चकतीमुळे अशी कळ येते, हे मिक्स्टर आणि बार या अमेरिकन डॉक्टरांनी 1934 साली दाखवून दिलं.

हे सगळं आज का सांगतोय? आजी म्हणते, "उसण भरली." सोबत आलेला नातू सांगतो, "बॅकपेन आहे." दुखणं एकदम आलं की हळूहळू, पाठीतच राहिलं की पायात उतरलं, हे त्या एका शब्दात पुसलं जातं. आणि निदानाला नेमकं तेच लागतं. पायातली शक्ती गेली, बैठकीच्या जागेला बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर ती उसण नव्हे. पायाळू शोधू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तेव्हा मित्रहो, नातवंडांना गोष्टी सांगता, तसे हे शब्दही सांगा. आणि डॉक्टरसमोर बसलात, की आपल्या भाषेतच दुखणं सांगा. समजून घेणं आमचं काम आहे.