बिननावाची फुलदाणी

ब्रिटनमधील जुन्या वस्तूंच्या बाजारांत आणि लिलावघरांत काचेच्या अनेक सुंदर फुलदाण्या विक्रीस येतात. परंतु त्यांतील पुष्कळांवर कर्त्याचे नाव आढळत नाही. ते मुळात नव्हते असे मात्र नाही. कित्येक कारखाने आपले नाव छापलेली कागदी चिठ्ठी फुलदाणीला चिकटवीत. फुलदाणी म्हटली की पाणी आलेच. धुण्यापुसण्यात चिठ्ठी निघून जाई आणि वस्तू पोरकी होई. अशा वस्तूचे कुळ शोधावे कसे?

प्रथम फुलदाणी उलटी करून पाहावी. फुंकलेल्या काचेच्या तोंडाला आकार देताना कारागीर तिचा तळ लोखंडी सळईला चिकटवून धरतो. सळई तोडून काढली की तेथे व्रण राहतो. कोणी तो खडबडीतच ठेवी, कोणी घासून काढी. स्कॉटलंडमधील पर्थ येथील मॉन्क्रीफ कारखान्यात १९२४ पासून 'मोनार्ट' काच तयार होऊ लागली. तिच्या तळावरील व्रण घासून वाटोळा व सपाट केलेला असे आणि चिठ्ठी त्यावरच लावली जाई. तापलेला गोळा रंगीत काचेच्या चुऱ्यावर लोळवून त्यावर स्वच्छ काचेचा थर चढवावयाचा, ही तिची रीत. ती तेथे रुजविणारा साल्व्हादोर इसार्ट हा मूळचा बार्सिलोनाचा. मालक आणि कारागीर यांच्या आडनावांतूनच 'मोनार्ट' हे नाव घडले.

तथापि केवळ तळावर विसंबणेही धोक्याचे होय. दुसऱ्या महायुद्धानंतर साल्व्हादोर आपल्या व्हिन्सेंट व ऑगस्टीन या मुलांसह मॉन्क्रीफमधून बाहेर पडला. त्यांनी पर्थमध्येच 'व्हासार्ट' काच सुरू केली. पॉल हा मुलगा मात्र जुन्या कारखान्यात राहिला. घराणे एक, रीत एक, तळही सारखाच! व्हासार्टचे रंग बहुधा फिकट असतात, आणि तळ उजेडात तिरपा धरल्यास कधी कधी पुसट कोरलेले नावही दिसते. त्यातच १९३० च्या सुमारास लंडनचा ग्रे-स्टॅन आणि हर्टफर्डशरमधील नेझिंग हे कारखानेही ढगाळ, ठिपकेदार रंगांची काच करीत होते. म्हणून आकार, रंग, वजन आणि तळ या चौघांची साक्ष जुळली पाहिजे.

साच्यातील काचेची गोष्ट निराळी. व्हाइटफ्रायर्स कारखान्यासाठी जेफ्री बॅक्स्टर याने झाडाची साल, खिळे, तारा साच्यांत बसवून खडबडीत पृष्ठाच्या फुलदाण्या निर्मिल्या. त्या १९६७ मध्ये बाजारात आल्या. त्या साच्याच्या खुणा नगानगावर उमटत. कारखाना १९८० मध्ये बंद पडला. पण त्याच्या जुन्या विक्रीसूचींत प्रत्येक आकाराला क्रमांक आहे. फुलदाणी त्या चित्राशी ताडून पाहता येते.

काही लोक अतिनील किरणांचा दिवा वापरतात. त्याखाली काच हिरवी चमकली, तर तीत युरेनियम असावे एवढेच कळते. ते अनेक कारखाने वापरीत. त्यावरून कर्ता ठरत नाही.

प्रसिद्ध नाव लागले की किंमत चढते, आणि तेथेच मोह उत्पन्न होतो. परंतु खोटे नाव केवळ गिऱ्हाइकालाच फसवीत नाही. ज्याने भट्टीपुढे घाम गाळला त्याचे श्रेय ते दुसऱ्याच्या पदरी टाकते. पुरावा अपुरा असेल तेथे 'बहुधा' हा शब्द लिहावा. किंमत थोडी उतरेल. पण खऱ्या कर्त्याची जागा त्याच्यासाठी मोकळी राहील.