बटण बंद, पण ठिणगी जिवंत

श्रोतेहो, घरातल्या दिव्याची तार तुटली की दिवा विझतो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण लहान विमानाच्या इंजिनात एक तार अशी असते की, ती तुटली तर ठिणगी विझत नाही. उलट विझवू म्हटले तरी विझेनाशी होते. आज या उलट्या तारेविषयी चार शब्द सांगणार आहे.

अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. त्या मोठ्या विमानाची इंजिने टर्बाइनची. त्यांत ही तार नसते. ती असते पेट्रोलवर चालणाऱ्या लहान विमानांत. नागपूरच्या फ्लाइंग क्लबमध्ये ज्या सेसना १५२ विमानांवर मुले उडायला शिकली, त्यांत ती आहे. आणि नवल म्हणजे, पऱ्हाटीवर फवारणी करताना तुम्ही पाठीवर जो पेट्रोलचा पंप घेता, त्यातही तत्त्व तेच आहे.

या विमानाच्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागत नाही. मॅग्नेटो नावाचे यंत्र आपली वीज आपणच तयार करते. चुंबक फिरतो, वेटोळ्यात प्रवाह येतो आणि नेमक्या क्षणी संपर्कबिंदू उघडून तो प्रवाह तुटतो. त्या धक्क्याने दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब उठतो व प्लगमध्ये ठिणगी पडते.

मग ती बंद कशी करायची? पाटाचे पाणी वाफ्यात जायला नको असेल, तर आपण ते वरच नाल्यात वळवतो. तसेच येथे. बटण बंद केले की पहिल्या वेटोळ्यातला प्रवाह एका तारेने इंजिनाच्या धातूच्या अंगात, म्हणजे अर्थमध्ये, जातो. बिंदू उघडले तरी प्रवाह तुटत नाही, आणि ठिणगी पडत नाही. या तारेला कारागीर 'पी-लीड' म्हणतात. ती तुटली म्हणजे नाल्याची वाट बुजली. पाणी वाफ्यातच जाणार!

आता दोष ओळखायचा कसा? विमानाला दोन मॅग्नेटो आणि प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग असतात. उड्डाणापूर्वी सेसना १५२ चे इंजिन मिनिटाला १७०० फेऱ्यांवर ठेवून वैमानिक एकेक मॅग्नेटो बंद करून पाहतो. फेऱ्या थोड्या उतरायला हव्यात. मात्र १२५ पेक्षा जास्त नकोत, आणि दोन्हींच्या उतारात ५० पेक्षा जास्त फरक नको. एखाद्याला वाटेल, फेऱ्या मुळीच उतरल्या नाहीत म्हणजे इंजिन उत्तम! तसे नव्हे. बंद केलेला मॅग्नेटो बंद झालाच नाही, असा संशय तेथे घ्यावा.

याच्या उलटही होते. तारेचे आवरण झिजून आतली तार इंजिनाच्या अंगाला लागली, तर मॅग्नेटो कायमचा मुका होतो आणि त्या बाजूला बटण फिरवताच इंजिन बंद पडते. अशा वेळी कारागीर पी-लीड मॅग्नेटोपासून सोडवून पाहतो. ठिणगी परत आली तर खोड तारेत किंवा बटणात; नाही आली तर मॅग्नेटोतच. पण तार सोडवली की मॅग्नेटो जिवंत झाला, हे त्याने विसरू नये. सोडवलेली तार मापकाने तपासावी: बटण बंद असताना ती इंजिनाच्या अंगाला जोडलेली दिसली पाहिजे, चालू असताना तुटलेली. तारेभोवतीचे जाळीचे वेष्टनही पाहावे. त्याची जोडणी सैल झाली, तर वैमानिकाच्या रेडिओत खरखर येते.

हा सगळा खटाटोप कशासाठी? उभ्या विमानाचा पंखा कोणी सहज हाताने फिरवला, तरी मॅग्नेटोतली स्प्रिंगची कळ खटकन सुटते, ठिणगी पडते, आणि सिलिंडरमध्ये थोडे पेट्रोल उरले असेल तर इंजिन भडकते. पंखा हात तोडतो, जीवही घेतो. म्हणून गुरुजींनो, मुलांना विमान दाखवायला न्याल तेव्हा पंख्याला कोणालाही हात लावू देऊ नका, किल्ली कोणाच्याही खिशात असो.

आणि शेतकरी बंधूंनो, तुमच्या पंपाचे बटण दाबूनही इंजिन थांबेना, तर बहुधा हीच तार तुटलेली असते. पेट्रोलची तोटी बंद करा, इंजिन आपोआप थांबेल. मग पंपाला हात घालण्यापूर्वी प्लगची टोपी काढून बाजूला करा. बटण बंद आहे म्हणून यंत्र मेले, असे धरून चालू नका. ते जिवंतच आहे असे समजून वागा. त्यात वेळ जाईल थोडा, पण बोटे राहतील.