पायाखालची कळ

कुंभकोणमला जाणारा मनुष्य गोपुरे पाहतो. मी त्याला सांगेन की, येथे थोडे चाकांकडेही पाहावे. गावालगतच्या दारासुरमला दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात ऐरावतेश्वराचे मंदिर बांधविले. त्याच्या मंडपाला दगडी चाके आहेत आणि तो ओढावयास दगडी घोडे आहेत. खुद्द गावात शारंगपाणीचे गर्भगृह रथाच्याच आकाराचे आहे. त्या दगडी रथांना थांबविण्याची चिंता कोणालाच नाही. उत्सवात हजारो हातांनी ओढला जाणारा लाकडी रथ मात्र थांबवावा लागतो. त्यासाठी काही माणसे चाकाच्या पुढ्यात लाकडाच्या जाड पाचरी टाकीत चालतात. रथ वळविणे व रोखणे ही दोन्ही कामे त्या पाचरीच करतात, आणि पाचर टाकणाऱ्याचा हात चाकापासून वीतभरच दूर असतो. जवळच्या तिरुवारूरच्या प्रचंड रथाला तिरुचिरापल्लीच्या भारत हेवी इलेक्ट्रिकल्सने द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक बसवून दिले, ही मला त्या कारखान्याची मोठी सेवा वाटते.

हे सारे आठवण्याचे कारण अगदीच लहान आहे. माझ्या पत्नीचे माहेर कुंभकोणमचे. भोसल्यांच्या काळात तंजावर प्रांती गेलेल्या मराठी घराण्यांपैकी ते एक. १८२८ साली ज्या गावात सर टी. माधवराव जन्मले, त्या गावात अशी घरे असावीत यात नवल नाही. तर माझ्या मेव्हण्याच्या मुलाने दोन आसनांची एक जुनी क्रीडामोटार घेतली. गियर हाताने बदलावयाचे आणि पायाशी तीन पेडले : क्लच, ब्रेक व ॲक्सिलरेटर. पेडलांवरचे रबर झिजले होते. चिरंजिवांनी ते काढून टाकले आणि भोके पाडलेल्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या तीन पट्ट्या स्क्रूने बसविल्या. मला म्हणाला, "आतोबा, शर्यतीच्या गाड्यांत अशीच असतात."

त्याचे म्हणणे अगदीच पोरकट नव्हते. शर्यतीत वळणापूर्वी वेग कमी करताना खालचा गियर घ्यावा लागतो. डावा पाय क्लचवर आणि उजवा ब्रेकवर असतो. अशा वेळी इंजिनाची गती किंचित वाढविली नाही, तर क्लच सोडताच मागची चाके हिसका खातात. म्हणून निष्णात चालक उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर ठेवून त्याच पायाच्या टाचेने किंवा कडेने ॲक्सिलरेटर क्षणभर दाबतो. हे साधावयाचे, तर दाबलेला ब्रेक आणि न दाबलेला ॲक्सिलरेटर जवळजवळ एका पातळीत हवेत आणि त्यांतील अंतरही पावलाच्या मापाचे हवे. पेडल सुधारणे याचा खरा अर्थ एवढाच.

आमच्या तरुणाने पट्टी निवडली ती डोळ्यांनी. आषाढातल्या एका सायंकाळी, पाऊस नुकताच पडून गेलेला असताना, ओल्या चपलेचा पाय त्या गुळगुळीत पट्टीवरून सरकला. हातब्रेक ओढून गाडी थांबली, तेव्हा पुढच्या सायकलवरील दुधाची किटली आणि गाडीचे नाक यांत हातभर अंतर उरले होते. दूधवाला वळून काही बोलला नाही. त्याचे ते न बोलणेच मुलाला अधिक लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही लेथवर काम करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीकडे पाहण्याआधी मुलाच्या पायांकडे पाहिले आणि विचारले, "गाडी काय घालून चालवतोस?" मग पातळ तळाचा बूट घालावयास लावून त्याने तळव्याला खडू फासला आणि तिन्ही पेडले दहा-दहा वेळा दाबण्यास सांगितले. ब्रेकवरचा पांढरा ठसा पट्टीच्या अगदी काठावर उमटला होता. मिस्त्री म्हणाला, "पाय कुठे पडतो ते आधी बघावं, मग लोखंड कापावं."

त्याने तिन्ही पट्ट्या काढल्या. ब्रेक व क्लच यांवर रबराच्या आडव्या पट्ट्या असलेले नवे तुकडे स्क्रूऐवजी आरपार बोल्टने, नट ढिला होणार नाही अशा वॉशरांसह बसविले. ॲक्सिलरेटर ब्रेकच्या बाजूने थोडा रुंद केला. प्रत्येक पेडल सोडताच मोकळेपणाने वर येते की नाही आणि पायाखालची चटई कोठे अडकत नाही ना, हे हाताने तपासले. ब्रेकच्या दांड्याला व त्याच्या खिळीला मात्र त्याने हात लावला नाही.

त्यामागे तरफेचे गणित आहे. दांड्याचे प्रमाण चारास एक असेल, तर पायाने दिलेला वीस किलोचा रेटा दट्ट्यापाशी ऐंशी किलोचा होतो आणि नळीतल्या द्रवावाटे तो दाब चारही चाकांपर्यंत जातो. दांडा लांबविला तर जोर वाढेल, पण पायाला अधिक खाली जावे लागेल. हा हिशेब कारखान्याने घातलेला असतो, तो अंदाजाने मोडू नये. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या ५२व्या कलमानेही वाहनाच्या मूळ रचनेत मनास येईल तसा फेरफार करण्यास मनाई आहे. कायदा येथे यंत्रशास्त्राच्याच बाजूचा आहे.

आपल्याला ही तीन पेडले निसर्गसिद्ध वाटतात, पण तसे नाही. १९०८ सालच्या फोर्डच्या 'मॉडेल टी'लाही तीन पेडले होती. मात्र मधले गाडी मागे नेण्याचे होते आणि इंजिनाची गती हाताने कमीजास्त करावी लागे. आजची मांडणी १९१६च्या एका कॅडिलॅक गाडीत आली आणि १९२२पासून निघालेल्या छोट्या ऑस्टिन सेव्हनने ती सर्वतोमुखी केली. चार चाकांना द्रवदाबाचे ब्रेकही त्याच सुमारास, १९२१च्या ड्यूसेनबर्गपासून, विक्रीच्या गाड्यांत येऊ लागले. अनेकांच्या चुकांतून ठरलेला हा संकेत आहे. म्हणूनच अनोळखी गाडीतही आपला पाय न पाहता योग्य जागी जातो.

कुंभकोणमशेजारच्या तिरुभुवनला रेशमी साड्या विणल्या जातात. खड्ड्यातल्या मागावर बसलेला विणकर पावड्यांकडे कधी पाहत नाही. त्याचे डोळे ताण्यावर असतात. पाहावे लागू नये, हेच चांगल्या पावडीचे लक्षण, आणि चांगल्या पेडलाचेही.

पुढे एका रथोत्सवाला आम्ही दोघे बरोबर होतो. सारे लोक कळसाकडे पाहून हात जोडीत होते. मुलगा मात्र चाकापाशी वाकलेल्या पाचरवाल्याकडे टक लावून पाहत होता. रथ कोपऱ्यावर हलकेच थांबला, तेव्हा त्याने मला हळूच विचारले, "आतोबा, ह्याचा हात घसरला तर?" परतताना पाऊस आला. गाडीत बसण्यापूर्वी त्याने बुटाचे तळवे फडक्याने पुसून कोरडे केले आणि मग किल्ली फिरविली.